फुजियानला जायचं तर: फोंड्याच्या एका दगडवाल्याकडून

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला. फोनवर नकाशा उघडून म्हणाला, "मामा, शियामेनहून वूयीशान सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. गाडी केली तर सकाळी जाऊन रात्री परत, काय?"

मी विचारलं, "फोंड्याहून बेळगाव किती?"

"शंभराच्या आसपास."

"मग नऊला निघून दहाला पोचतोस?"

तो हसला. चोर्ल्याचा घाट, पुढे रांगणारा ट्रक, वळणावर धुकं, मागच्या सीटवर ओकारी काढणारं पोर. गोव्यातल्या माणसाला घाट समजावून सांगावा लागत नाही, आणि फुजियान, म्हणजे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचा प्रांत, समजायला एवढं भांडवल पुरतं. शियामेन त्याच्या किनाऱ्यावर, वूयीशान डोंगराआड. तिथं किलोमीटर मोजायचे नाहीत. आपण डोंगराच्या कुठल्या बाजूला आहोत आणि महिना कुठला चालू आहे, एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या.

माझा धंदा दगडाचा. कुर्टीला गोदाम आहे. देवळांच्या प्राकारातल्या फरशा, जिन्यांच्या पायऱ्या, तुळशीवृंदावनाचे चौथरे, असला माल. मधली कोविडची वर्षं सोडली तर दर मार्चला शियामेनच्या दगडांच्या प्रदर्शनाला जातो. चिनी भाषा मला येत नाही. दहा-पंधरा शब्द येतात, त्यातले निम्मे घासाघिशीचे. पण दगड बघायला डोंगरात शिरावं लागतं, त्यामुळे प्रांत पायाखालून गेला आहे. आता ओळखीतलं कुणी निघालं की फोन येतो. प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी कागदावर दोन रेघा ओढा

कोरा कागद घ्या. उजवीकडे समुद्र, म्हणजे तैवानची सामुद्रधुनी. डावीकडे, जियांगशी प्रांताच्या सीमेवर, वरच्या उजव्या कोपऱ्याच्या दिशेने कलत जाणारी जाड रेघ ओढा. हा वूयी पर्वत. त्याचं सर्वांत उंच शिखर हुआंगगांग, २,१५० मीटरच्या वर. आमचं गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोनसोगोर ११६६ मीटर, म्हणजे हे जवळजवळ दुप्पट. आता समुद्र आणि वूयी यांच्या मध्ये, समुद्राला समांतर, दुसरी रेघ ओढा. ही दाईयुनची रांग. आपल्याकडे सह्याद्रीची एकच भिंत. त्यांच्याकडे दोन, एकामागे एक.

क्षेत्रफळ सव्वा लाख चौरस किलोमीटरच्या थोडं खाली, म्हणजे गोव्यासारखे तेहेतीस गोवे. लोकवस्ती २०२० च्या जनगणनेत चार कोटी पंधरा लाख. पण ही माणसं सगळीकडे सारखी पसरलेली नाहीत. तिथं म्हण आहे: आठ भाग डोंगर, एक भाग पाणी, एक भाग शेत. तो शेताचा एक भाग बहुतेक किनाऱ्याच्या खाड्यांपाशी आहे, म्हणून मोठी गावंही तिथंच. फूजौ ही राजधानी, मिन नदीच्या काठी. खाली पुतिएन, मग च्वानजौ, शियामेन, जांगजौ. मण्यांची माळ धरावी तसं. माळेच्या मागे चढ, आणि जंगल इतकं की वनाच्छादनात हा प्रांत चीनमध्ये पहिला.

नद्यांकडे बघितलं की गंमत कळते. बहुतेक नद्या प्रांतातच उगम पावतात आणि प्रांतातच समुद्राला मिळतात, आपल्या झुआरीसारख्या. प्रत्येक खोऱ्याची नदी वेगळी, आणि पूर्वी पलीकडच्या खोऱ्यात जायला धड वाट नव्हती. त्यामुळे बोलीही खोऱ्यागणिक वेगळ्या झाल्या. फूजौची बोली च्वानजौच्या माणसाला कळत नाही. सुदैवाने सरकारी चिनी सगळ्यांना येते, पण तिच्यातही 'फ' चा 'ह' करायची खोड आहे. कुणी "हुजियान" म्हणालं तर गोंधळू नका, तो स्वतःच्याच प्रांताचं नाव घेतोय.

मागे डोंगर, पुढे समुद्र. मग माणसं कुठं जाणार? समुद्रावर. मलाया, फिलिपाइन्स, जावा इथले कितीतरी चिनी मुळात याच किनाऱ्यावरचे. गोंयकार जसा आफ्रिकेला आणि आखातात गेला, तसेच हे.

कुठल्या महिन्यात जायचं

आपला पाऊस तारीख सांगून येणारा पाहुणा. जूनला येतो, सप्टेंबरअखेर जातो, आणि जाताना तीन हजार मिलिमीटर ठेवून जातो. फुजियानचं पाणी वर्षाला साधारण चौदाशे ते दोन हजार मिलिमीटर, किनाऱ्यावर त्याहून कमी. आकडा ऐकून आपला माणूस म्हणतो, अरे, काहीच नाही. पण तो एकरकमी पडत नाही, हप्त्यांनी पडतो, आणि प्रत्येक हप्त्याची तऱ्हा वेगळी.

मार्चपासून सुरू करतो, कारण तो माझा महिना. पाऊस म्हणावा तर नाही, पण हवेत पाणी लोंबतं. हिवाळाभर थंड झालेल्या भिंती-फरशांवर दक्षिणेकडून ऊबदार, दमट वारा येतो आणि सगळ्याला घाम फुटतो. या हवेला ते "हुई नान त्येन" म्हणतात. पहिल्या वर्षी एका गोदामात चकचकीत ग्रॅनाइटच्या लाद्यांवर पाण्याचे थेंब बघून मी गिऱ्हाइकाच्या तोऱ्यात म्हणालो, "दगड पाणी सोडतोय, नको मला." मालकाने बोटाने थेंब पुसला, मग शेजारच्या काचेवरचा पुसला, मग माझ्या चष्म्यावरचा दाखवला. तेव्हापासून मार्चमध्ये पॉलिश तपासायचं असेल तर मी दुपारी जातो. तुम्हाला दगड घ्यायचा नसेल तरी एवढं लक्षात ठेवा: धुतलेले कपडे वाळणार नाहीत. हॉटेलच्या खोलीची खिडकी उघडू नका, उघडलीत तर बाहेरची ओल आत येईल. बूट कापडी नकोत.

मेच्या सुरुवातीपासून जूनअखेरपर्यंत "मेईयू", आलुबुखारासारखं एक फळ पिकतं तेव्हाचा पाऊस. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची ओली हवा एकमेकींना अडवून उभ्या राहतात आणि मध्ये ढग आठ-आठ दिवस हलत नाहीत. डोंगरात या दिवसांत दरडी येतात. आंबोलीचा जुलै ज्याने बघितला आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. वूयीशानला मे-जूनमध्ये जाऊ नका.

जुलै ते सप्टेंबर ऊन आणि तुफान. फूजौ तिन्ही बाजूंनी डोंगरांच्या वाटीत बसलंय, तिथं पारा ३५ च्या पुढे जाणं नेहमीचंच. शियामेनला समुद्राचा वारा लागतो, ते बरं. तुफान म्हणजे टायफून. पुष्कळदा तैवानचा मधला उंच डोंगर त्याचा जोर आधी मोडतो आणि फुजियानला उरलंसुरलं मिळतं. नेहमी नव्हे. २०१६ मध्ये मेरांती नावाचं तुफान १५ सप्टेंबरच्या पहाटे थेट शियामेनवर चढलं. आपल्याकडे त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, त्यांच्याकडे शरदातल्या पौर्णिमेचा सण. अख्ख्या शहराची वीज गेली, पाणी गेलं, रस्ते झाडांखाली गाडले गेले. मी तेव्हा घरी गणपती पोचवायच्या तयारीत होतो, आणि माझा वीस फुटी डबा, म्हणजे कंटेनर, तिथल्या बंदरात. (दगडाचा डबा कायम वीस फुटीच. चाळीस फुटी भरायला गेलात तर तो भरायच्या आधीच वजनाची मर्यादा संपते.) मे २०२१ च्या तौक्तेत आपण गोव्यात दिवसेंदिवस काळोखात काढले, मेरांतीचा जोर त्याच्या कितीतरी पुढचा. २०२३ च्या २८ जुलैला डोक्सुरी च्वानजौजवळ जिनजियांगला लागलं, तेही मोठं.

तुफानाचा इशारा चार रंगांत असतो: निळा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा झाला की पुढच्या दोन दिवसांचे बेत गुंडाळा. नारिंगी झाला की फेरीबोटी, बागा, किनाऱ्याच्या रेल्वे बंद व्हायला लागतात. रद्द झालेल्या गाडीचे पैसे पूर्ण परत मिळतात, त्याची चिंता नको. पाणी, बिस्किटं, फोन चार्ज करायची बॅटरी घेऊन खोलीत बसा. "किनारा सोडून डोंगरात जाऊ" ही शक्कल लढवू नका. वारा डोंगरात कमी होतो, पाऊस नाही. ओढे तासाभरात फुगतात.

मग येतो खरा मोसम: ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबरचा पहिला. आभाळ कोरडं, हवा आपल्या डिसेंबरसारखी. फक्त १ ते ७ ऑक्टोबर टाळा. त्या आठवड्यात अख्खा चीन सुट्टीवर असतो, शिगम्याच्या मिरवणुकीत सापडल्यासारखं होतं. त्यांचं नववर्षही टाळा, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं. तेव्हा पाथरवटापासून चहावाल्यापर्यंत सगळे आपापल्या गावी जातात.

जानेवारीत शियामेनची सरासरी बारा-तेरा अंश, वूयीशानला त्याहून पाच-सहा कमी. ऐकायला हे काही फार नाही. पण दक्षिण चीनमधल्या घरांत उत्तरेसारखी उष्णतेची सरकारी सोय नाही. बाहेर जेवढी थंडी तेवढीच आत, शिवाय ईशान्येचा वारा सामुद्रधुनीत कोंडून जोर धरतो. माझ्या बायकोने एका जानेवारीत च्वानजौच्या खानावळीत शाल, स्वेटर आणि माझं जॅकेट घालून भात खाल्ला होता. आणखी एक: सगळ्या चीनचं घड्याळ एकच, आपल्या अडीच तास पुढे. फुजियान पूर्वेला असल्याने डिसेंबरात सव्वापाचलाच दिवस मावळतो. डोंगरातली कामं दुपारी तीनला आटोपा.

पोचायचं कसं

गोव्याहून थेट विमान नाही. व्हिसा आधी काढून ठेवा. मी दाबोळीहून किंवा मोपाहून मुंबई, तिथून सिंगापूर किंवा क्वालालंपूर, आणि तिथून शियामेन असा जातो. शियामेनचं जुनं नाव अमोय, जुन्या जहाजी कागदांवर तेच दिसतं. दुसरी वाट हाँगकाँगची: पश्चिम काउलूनच्या स्टेशनातून थेट जलद रेल्वे साधारण चार तासांत शियामेनला सोडते. पण हाँगकाँगात बाहेर पडायचं तर भारतीय पासपोर्टवाल्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. फुकट आहे, विसरू नका.

फोनवर गुगल तिथल्या सिमकार्डावर चालत नाही. आपल्याकडचं रोमिंग घेतलंत तर बहुधा चालतं. पैशासाठी अलीपे घरूनच उतरवून त्यात आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला जादा आकार नाही, त्यावर तीन टक्के. नोटा कुणी नाकारत नाही, पण भाजीवाल्याकडेही सुटे नसतात.

रेल्वे

कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली, त्याआधी मुंबईला जायचं म्हणजे काय असायचं ते माझ्या पिढीला आठवतं. फुजियानची गोष्ट तशीच, पण एक पिढी आधीची. यिंगतान ते शियामेन ही डोंगर फोडून काढलेली रेल्वे १९५७ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा कुठे किनारा बाकीच्या चीनला लोहमार्गाने नीट जोडला गेला. शियामेन तर बेट. त्याला जमिनीशी जोडणारा दोन किलोमीटरहून थोडा लांब बांध त्यांनी १९५३ ते १९५५ मध्ये ग्रॅनाइट टाकून टाकून घातला. दगडवाल्याने तिथं एकदा मान लववावी.

आजची तऱ्हा अगदी उलटी. २८ सप्टेंबर २०२३ ला फूजौ ते शियामेन नवी रेल्वे सुरू झाली: २७७ किलोमीटर, ताशी साडेतीनशेचा वेग, लवकरातली लवकर गाडी ५५ मिनिटांत. तीन खाड्या समुद्रावरच्या पुलांनी ओलांडते: मेईजौ, च्वानजौ आणि आनहाई. मडगाव ते थिवी जेवढा वेळ लागतो त्यात हे लोक दोन मोठी शहरं ओलांडतात, आणि बाटलीतलं पाणी हलत नाही.

तिकीट रेल्वेच्या १२३०६ या ॲपवर, त्याला इंग्रजी रूप आहे. साधारण पंधरा दिवस आधी विक्री उघडते. पासपोर्टची पडताळणी घरी बसून करून ठेवा, स्टेशनवर घाईत होत नाही. पासपोर्ट हेच तिकीट. आपला पासपोर्ट स्वयंचलित फाटक नेहमी वाचतंच असं नाही, म्हणून माणूस बसलेल्या खिडकीच्या रांगेत थांबा. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, आणि मग विनवण्या चालत नाहीत. अर्धा-पाऊण तास आधी पोचा. गाडीच्या आकड्यापुढे 'जी' म्हणजे सर्वांत वेगवान, 'डी' त्याखालची, 'के' म्हणजे आपली जुनी ओळखीची डुलत जाणारी. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. बायको घरून चहाची भुकटी नेते.

सामान विमानतळासारखं तपासतात. एकदा माझ्या पिशवीत टाकी, म्हणजे छिन्नी, आणि छोटा हातोडा राहिला, दगडाचा कण पाडून बघायला लागतो तो. पोलीस बाईने दोन्ही टेबलावर ठेवले आणि मला नुसतं बघत राहिली. टाकी गेली. चूक माझीच, सुरी, कात्री, हत्यार काही नेऊ नका, नारळ खवायची विळीसुद्धा. (हसू नका, ओळखीतल्या एकीने नेली होती.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टेशनांची नावं. शियामेन म्हणजे बेटावरचं स्टेशन, गावात. शियामेन उत्तर हे खाडीपलीकडे मुख्य भूमीवर. वेगवान गाड्या बहुतेक उत्तरेला लागतात. मेट्रो नव्हती त्या काळात मी उत्तरेला उतरलो आणि गिऱ्हाइकाला "शियामेन स्टेशन" सांगून बसलो. तो एकीकडे, मी दुसरीकडे, मध्ये समुद्र. आता १ नंबरची मेट्रो उत्तरेहून बेटावर आणते (शियामेन स्टेशनासाठी पुढे ३ नंबरची घ्यायची) आणि वाटेत चक्क समुद्रालगत उघड्यावरून धावते. मुलं असतील तर डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या धरा. तसंच फूजौ आणि फूजौ दक्षिण. च्वानजौची तर तीन: च्वानजौ, पूर्व, दक्षिण, आणि जुन्या गावात मेट्रो नाही.

त्याहून मोठा खड्डा पुढे आहे. जियांगशी प्रांतात दुसरं एक फूजौ आहे, इंग्रजी स्पेलिंग तंतोतंत तेच. आणि मातीच्या गोल वाड्यांचा जो नानजिंग तालुका आहे, त्याचंही स्पेलिंग यांगत्से नदीवरच्या प्रसिद्ध नानजिंग शहरासारखंच. चिनी अक्षरं वेगळी, पण आपल्याला कुठं कळतात? तिकीट काढताना प्रवासाचा वेळ बघा. शियामेनहून नानजिंग अर्ध्या-पाऊण तासाचं दाखवत असेल तर बरोबर. सात-आठ तास दाखवत असेल तर थांबा.

डोंगराआड: वूयीशान आणि मातीचे वाडे

वूयीशानला रेल्वेनेच जा. फूजौहून ही लाईन २०१५ मध्ये झाली, आणि आता तासा-दीड तासाचा प्रवास. बोगद्यामागून बोगदा, दोन बोगद्यांच्या मध्ये एक हिरवी दरी पापणी मिटायच्या आत निघून जाते. वाचत बसा, फोटोच्या नादाला लागू नका. वूयीशान नावाची एकाहून अधिक स्टेशनं आहेत, तेव्हा हॉटेलवाल्याला विचारूनच तिकीट काढा.

तिथला दगड तांबडा. ग्रॅनाइट नव्हे, वाळूचा दगड, त्याचे कडे उभे चिरल्यासारखे. आपल्या चिऱ्याचा रंग, पण चिरा नव्हे. त्यातून नऊ वळणांचा ओढा वाहतो आणि बांबूच्या तराफ्यावरून साडेनऊ किलोमीटर खाली आणतात, दीडेक तास, तराफ्यावर सहाजण. पाणी वाढलं की तराफे बंद, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी उरका, उद्यावर टाकू नका. हा डोंगर १९९९ पासून जागतिक वारशात आहे. कपारीत ज्या चहाची मूळ झाडं आहेत तो दा होंग पाओ. झाडं बघा, फोटो काढा, आणि शेजारच्या दुकानात "याच झाडाचा" म्हणून जे विकतात ते घेऊ नका. त्या झाडांची पानं आता खुडत नाहीत.

मातीचे वाडे, तुलोऊ, नैर्ऋत्येला. २००८ मध्ये ४६ वाडे जागतिक वारशात गेले. भिंती चोपलेल्या मातीच्या, तळाला मीटर-दीड मीटर जाड, आणि खालच्या मजल्यांना बाहेरून खिडकीच नाही. चेंगची नावाचा वाडा १७०९ मध्ये पुरा झाला, एकात एक चार कडी, चारशेच्या आसपास खोल्या. आपल्याकडच्या मातीच्या घराला ओल लागू नये म्हणून आजी पावसाआधी झापं बांधायची. यांनी तेच काम रुंद छपराच्या वळचणीवर सोपवलं आहे. शियामेनहून दिवसाच्या सहलीच्या बसा सुटतात. घेऊ नका. बस चार तास रस्त्यावर आणि दोन तास वाड्यात ठेवते. रेल्वेने नानजिंग किंवा लोंगयेन, पुढे स्थानिक बस, आणि रात्र गावातच काढा. सहलीवाले पाचला गेले की वाड्याच्या चौकात भाजी निवडणाऱ्या बायका तेवढ्या उरतात.

गुलांगयूची फेरी

शियामेनसमोरचं पावणेदोन-दोन चौरस किलोमीटरचं बेट. गोव्यात दिवाडी बेटाला जाणाऱ्याला वाटेल, फेरीत चढायचं आणि उतरायचं. इथं तसं नाही. रहिवाशांचा धक्का वेगळा, पाहुण्यांचा वेगळा. दिवसा पाहुण्यांनी क्रूझच्या धक्क्यावरून जायचं, तिकीट आधी, पासपोर्ट हातात. रोजच्या माणसांना मर्यादा आहे, सुट्टीत तिकिटं संपतात. बेटावर मोटार नाही, सायकलही नाही. सामान ढकलगाड्यांवरून चढावर नेतात. परक्यांच्या वकिलातींचे जुने बंगले, ओसऱ्या, कमानी. पणजीच्या फोंताइन्याश या जुन्या पोर्तुगीज वाड्यातल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. मी दोन तासांत परत आलो.

जेवणाचं थोडक्यात. मासे खाणाऱ्याला काळजी नाही, फक्त १ मे ते १६ ऑगस्ट त्यांची मासेमारी बंद असते, आपल्या जून-जुलैच्या बंदीसारखी, पण लांब. सोमवारी शिवराक लागणाऱ्यांनी देवळं शोधावीत. शियामेनच्या नानपुतुओ मंदिरात शाकाहारी जेवण मिळतं, छान असतं. बाकी ठिकाणी "भाजी" म्हटलं तरी वर खिम्याची भुरभुर येते.

च्वानजौ: याला दोन दिवस द्या

सगळे शियामेनला चार दिवस देतात आणि च्वानजौला अर्धा. मी उलटं सांगतो. सोंग आणि युआन राजांच्या काळात हे जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं, अरब त्याला जैतून म्हणत. २०२१ मध्ये ते जागतिक वारशात गेलं. १००९ ची मशीद आहे, तीही ग्रॅनाइटची. काईयुआन मंदिरात जा, दोन दगडी मनोरे सगळेच बघतात. तुम्ही मुख्य देवळाच्या मागच्या बाजूला वळा. तिथल्या दोन खांबांवर नरसिंह हिरण्यकश्यपूला फाडतोय, आणि उखळीला बांधलेला कृष्ण दोन झाडं ओढतोय. इथं तमिळ व्यापाऱ्यांचं देऊळ होतं, १२८१ चा तमिळ शिलालेख सापडला आहे. देऊळ पडलं, खांब बुद्धाकडे आले. वेलिंगच्या नरसिंहाला लहानपणापासून हात जोडणारा मी, चीनमध्ये त्या खांबासमोर चपला काढून उभा राहिलो. रखवालदाराला काय वाटलं कोण जाणे.

मग शुनपु गाव, शिंपल्यांच्या भिंतींची घरं असलेलं. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना चपटे, पारदर्शक शिंपले लावतात. इथं जाडे, ओबडधोबड कालवांचे शिंपले भिंतीतच चिणलेत.

शेवटी लुओयांगचा पूल. खाडीच्या तोंडावर, १०५३ ते १०५९ मध्ये बांधलेला. तिथं भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आपल्याकडे दोनेक मीटरचा. एवढ्या ओढीत पाया टिकेना, तेव्हा त्यांनी खाडीच्या तळाशी दगडांचा ढीग रचला आणि त्यावर कालवं वाढवली. कालवं दगडाला धरतात, एकमेकांना धरतात, आणि सारा ढीग एकजीव होतो. आगशीच्या माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "खडकावरचं कालव काढताना माझी सुरी मोडते, मला काय सांगतोस!"

पुलावर जुन्या गावातून टॅक्सीने अर्ध्या तासात पोचता येतं. पण निघायच्या आदल्या रात्री हॉटेलात ओहोटीची वेळ विचारून ठेवा. भरतीला गेलात तर नुसता पूल दिसतो, कालवं पाण्याखाली असतात.